चार पोस्टकार्डांवरची मोटार
(जुन्या वेगवान गाडीला परवडणारे टायर कसे निवडावेत?)

गोंदियाहून बालाघाटकडे निघालेला प्रवासी बाघ नदीचा पूल ओलांडतो, तेथे महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेशातील आपले राजेगाव लागते. या रस्त्याने गोंदियाच्या एम. एच. ३५ आणि बालाघाटच्या एम. पी. ५० अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या दिवसभर धावत असतात. धानाचे ट्रक, बसगाड्या, जीपगाड्या, मोटारी आणि दुचाक्या यांना भाषा व प्रांत वेगळे असतील. पण कडेच्या पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे त्या सर्वांना कधी ना कधी थांबावेच लागते. टपरीसमोर रचलेले जुने टायर आपण लहानपणापासून पाहतो, काठीने ते गल्लीतून पळवितो. वस्तू इतकी ओळखीची की तिच्याकडे निरखून पाहण्याचे आपल्याला कधी सुचत नाही. विद्यार्थिमित्रांनो, आज आपण ते करू या.

या लेखास निमित्त घडले ते असे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी २००४ साली बनलेली, सुमारे शंभर अश्वशक्तीची एक मोटार जुन्या बाजारातून घेतली. तरुणपणी त्यांना अशा गाडीची फार हौस होती; तेव्हा ती परवडली नाही. वीस वर्षांनी तिची किंमत उतरली आणि हौस पुरी झाली. २०२५ च्या दिवाळीनंतर नातलगांकडील लग्नासाठी सहकुटुंब नाशिकला जाण्याचे ठरले. नागपूरपर्यंत नेहमीचा रस्ता आणि पुढे समृद्धी महामार्ग. टायरांसाठी त्यांनी बारा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. एवढ्या रकमेत पाच माणसांचा जीव सुखरूप नेणारे टायर मिळतील काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा दिसला. पण उत्तर शोधता शोधता गणित, पदार्थविज्ञान आणि व्यवहार या तिन्ही विषयांची आमची उजळणी झाली.

प्रथम, ‘जुनी वेगवान मोटार’ म्हणजे काय ते पाहू. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ला येथे मोटारींचा कारखाना उभारला. तेथील पद्मिनी ही गाडी आपल्या वडील पिढीला ठाऊक आहे. तिची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. त्याच कुर्ल्यातून २००१ साली फियाटची पॅलिओ बाहेर पडू लागली, आणि तिच्या १.६ लिटर इंजिनाच्या प्रकाराची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती. होंडा सिटीचा व्हीटेक प्रकारही त्याच सुमाराचा. २००४ साली स्कोडा ऑक्टाविया आरएस आली, ती तर १५० अश्वशक्तीची. या गाड्या आज वीस वर्षांच्या झाल्या आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते व त्यानंतर ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यामुळे यांतील कित्येक गाड्या आजही रस्त्यावर आहेत. मालक बदलले, किंमत उतरली. इंजिनाचा जोर मात्र फारसा उतरला नाही. गाडी स्वस्त झाली म्हणून तिच्या टायरांवरील भार हलका होत नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवावी.

आता एक लहानसा हिशेब करू. गाडीचे वजन १,१०० किलोग्रॅम मानले तर प्रत्येक चाकावर सरासरी २७५ किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये हवेचा दाब चौरस इंचास ३० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम असतो. भाराला दाबाने भागले म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा भाग मिळतो: २७५ भागिले २.१, अर्थात सुमारे १३१ चौरस सेंटिमीटर. आपल्या टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे एवढी मोठी मोटार रस्त्याला धरून असते ती जेमतेम चार पोस्टकार्डांएवढ्या रबरावर! वळण घेणे, वेग वाढविणे, ब्रेक लावून थांबणे ही सारी कामे त्या चार पोस्टकार्डांकडूनच होतात. इंजिन कितीही जोरदार असो आणि ब्रेक कितीही चोख असोत, शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

हा शब्द किती महत्त्वाचा आहे, हे दुसऱ्या हिशेबाने कळेल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन सारख्या गाड्यांसमोर एकाच क्षणी बैल आडवा आला, अशी कल्पना करा. पहिलीचे टायर चांगले आहेत. रस्त्याशी त्यांचा घर्षणगुणांक ०.७ मानू. दुसरीचे टायर कडक व गुळगुळीत झालेले असून रस्ता ओला आहे. तिचा गुणांक ०.४ मानू. वेगाच्या वर्गाला घर्षणगुणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की थांबण्याचे अंतर निघते. पहिली गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ३६ मीटरांत थांबते, दुसरीला ६३ मीटर लागतात. पण खरी भीती या २७ मीटरांच्या फरकात दिसत नाही. ती पुढच्या आकड्यात आहे. पहिली गाडी जेथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अद्याप ताशी ५२ किलोमीटर वेगाने धावत असते! वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. स्वस्त आणि महाग टायरांतील खरे अंतर रुपयांत मोजावयाचे नसून या ५२ किलोमीटरांत मोजावयाचे असते.

आता गाडीपाशी येऊ. त्या गृहस्थांच्या गाडीला तीन प्रकारचे टायर होते. पुढचे दोन २०२३ साली बनलेले, मध्यम झिजलेले. मागचे दोन २०१६ सालचे. त्यांची नक्षी बरीच शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतींवर केसांसारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. डिकीतील स्टेपनी मात्र करकरीत होती. टायर कधी जमिनीला लागलाच नसावा, नक्षी पूर्ण, रंग काळाभोर. गृहस्थ म्हणाले, “निदान एक टायर तरी नवा मिळाला!”

राजेगावच्या रस्त्यावरील टपरीत बसणारे वयस्क कारागीर तेथेच होते. त्यांनी स्टेपनी जमिनीवर टाकली, ओल्या फडक्याने तिची कड पुसली आणि एका लंबगोल चौकटीतील चार अंकांवर बोट ठेवले. अंक होते ‘१५०४’. ते म्हणाले, “गुरुजी, हा टायर नवा नाही, न वापरलेला आहे. दोहोंत फरक असतो.”

या एका वाक्यात आमच्या लेखाचे सार आहे. प्रत्येक टायरच्या कडेवर त्याची जन्मतारीख कोरलेली असते. २००० सालापासून ती चार अंकांत लिहितात: पहिले दोन अंक वर्षातील आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१५०४’ म्हणजे २००४ सालचा पंधरावा आठवडा. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला तो टायर डिकीतल्या अंधारात एकवीस वर्षे म्हातारा झाला होता!

टायर न वापरता म्हातारा का व्हावा? चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला १८३९ साली असे आढळले की, रबरात गंधक मिसळून ते तापविले म्हणजे ते उन्हाने पाघळत नाही आणि थंडीने तडकत नाही. रबराच्या लांबलचक रेणूंना गंधक जागोजागी एकमेकांशी बांधून टाकते. याच रबराच्या हवा भरलेल्या धावेचे पेटंट १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी घेतले; आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यांनी ती केली होती. पुढे १९४६ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. आजच्या मोटारींचे टायर याच वंशातले. परंतु रबर हे शेवटी रबरच. हवेतील ऑक्सिजन व ओझोन त्याच्या रेणूंवर अखंड काम करीत राहतात, उष्णता त्या कामाला वेग देते; गंधकाचे बंध वाढत जाऊन रबर ताठर होते, आणि मग वाकविले की त्याला भेगा पडतात. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा ठिकाणी हे वार्धक्य लवकर येते.

म्हणून टायरची झीज आणि टायरचे वय या दोन निराळ्या गोष्टी समजाव्यात. झीज डोळ्यांना दिसते, वय वाचावे लागते. झिजेसाठी कायद्याने मर्यादा घातली आहे: मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून उथळ नसावी. नक्षीच्या खाचांत तेवढ्याच उंचीचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात ३ मिलिमीटर उरले असतानाच टायर बदलावेत हे शहाणपणाचे, कारण खाचा उथळ झाल्या की पाणी बाजूला ढकलले जात नाही आणि चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. वयाच्या बाबतीत अनेक मोटार-कारखानदार सहा वर्षांनंतर टायर बदलावेत असे सुचवितात. टायर-कारखानदार पाच वर्षांनंतर दरसाल तपासणी करण्यास सांगतात आणि दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात. आमच्या उन्हात आम्ही सहा वर्षांचाच हिशेब धरला.

जुन्या वेगवान गाडीच्या मालकाने वयाकडे अधिक लक्ष देण्यास आणखी एक कारण आहे. कारखाने आजच्या खपाच्या गाड्यांची मापे भरभरून काढतात. वीस वर्षांपूर्वीच्या वेगवान गाड्यांची मापे कमी खपतात. पूर्वी अशी मापे परदेशांतून सहज येत; जून २०२० मध्ये शासनाने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. परिणामी अशा मापांचा पर्याय कमी झाला. ज्या मालाला गिऱ्हाईक कमी, तो दुकानाच्या माळ्यावर जास्त दिवस पडून राहतो. म्हणजे ज्या गाडीला ताज्या टायराची गरज सर्वांत अधिक, तिच्याच मापाचा शिळा टायर मिळण्याचा संभव सर्वांत अधिक!

आमच्या गृहस्थांना याचा लगेच अनुभव आला. शहरातील एका दुकानात त्यांना दोन सूचना मिळाल्या. पहिली अशी: कोठून तरी उतरविलेले रुंद, दिसायला झोकदार टायर, नगास पंधराशे रुपये. दुसरी अशी: योग्य मापाचे ‘कोरे’ टायर, घसघशीत सवलतीने नगास तीन हजार, चार घेतले की नेमके बारा हजार. गृहस्थांचे मन दुसऱ्या सूचनेकडे झुकले. त्यांनी वेष्टन बाजूला सारून अंक वाचले: ‘३४२०’, अर्थात ऑगस्ट २०२०. आपल्या गावी परत येऊन त्यांनी आमच्यापुढे कागद पसरला, आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो.

पहिली सूचना आम्ही तत्काळ खोडली. उतरविलेल्या टायरचा पूर्वेतिहास कोणी सांगू शकत नाही. तो खड्ड्यात आपटला असेल, कमी हवेवर शेकडो किलोमीटर धावला असेल, आतून दुरुस्त केलेला असेल. वरून काळा रंग दिला की सर्व झाकते. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या गाडीलाही तो नको, मग वेगवान गाडीला कोठून?

शिवाय ‘रुंद म्हणजे चांगला’ हा समजही तपासून पाहावयास हवा. त्यासाठी टायरवरील मापाची भाषा शिकावी लागते. उदाहरणार्थ, एखाद्या टायरवर ‘१८५/६० आर १४ ८२ एच’ असे असते. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६०, अर्थात १११ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८२ हा भारांक. कोष्टकाप्रमाणे त्याचा अर्थ एका टायरने पेलण्याचा जास्तीत जास्त भार ४७५ किलोग्रॅम. ‘एच’ हे वेगाचे अक्षर. ‘एस’ म्हणजे ताशी १८०, ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१० आणि ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटर.

यावरून टायरचा पूर्ण व्यास काढता येतो. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात दोन भिंतींचे २२२ मिळविले की ५७७.६ मिलिमीटर होतात. आता कोणी म्हणेल, “१४ चीच रिम आहे, मग बाजारात मुबलक मिळणारा १६५/८० आर १४ बसवू, स्वस्त पडेल.” त्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, म्हणजे सव्वासात टक्क्यांनी मोठा. चाक एका फेऱ्यात अधिक अंतर तोडील. काटा ८० दाखवील तेव्हा गाडी खरोखर ८६ च्या जवळ धावत असेल. टायर २० मिलिमीटर अरुंद, भिंत उंच व लवचिक. वळणावर गाडी डोलेल आणि चाक मडगार्डला घासण्याचीही भीती. उलट १७५/६५ आर १४ चा व्यास ५८३.१ मिलिमीटर, म्हणजे फरक एका टक्क्याहूनही कमी. व्यासापुरते हे माप जवळचे; पण त्याचे वेगाचे अक्षर ‘टी’ असेल तर ‘एच’ मागणाऱ्या गाडीला तेही चालणार नाही. तात्पर्य, रिमचा आकडा जुळला म्हणजे टायर जुळला असे नव्हे. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जे माप, जो भारांक आणि जे अक्षर दिले असेल, त्यापेक्षा भारांक व अक्षर कमी घेऊ नये.

येथे कोणी विचारील की, समृद्धी महामार्गावरही मोटारींना कमाल मर्यादा ताशी १२० ची आहे, मग २१० च्या टायराचा उपयोग काय? उपयोग उष्णता सोसण्याचा आहे. वरील टायरचा परीघ सुमारे १.८१ मीटर. ताशी १२० किलोमीटर म्हणजे मिनिटाला २,००० मीटर. तेव्हा चाक मिनिटाला सुमारे १,१०० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत जमिनीपाशी एकदा वाकते व सरळ होते, म्हणजे सेकंदाला अठरा वेळा. तार वारंवार वाकविली की ती तापते, तसेच टायरचे होते. हवा कमी असेल तर वाकणे वाढते, उष्णता वाढते. रबर जुने असेल तर ते ती सोसत नाही, आणि टायर फुटतो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्याच वर्षी परिवहन खात्याला त्या रस्त्याच्या प्रवेशद्वारांपाशी टायरांची तपासणी सुरू करावी लागली व झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. सरळ, मोकळा रस्ता टायरची परीक्षा पाहत नाही असे आपल्याला वाटते. वस्तुतः तासन्‌तास एकाच वेगाने धावणे हीच टायरची कठीण परीक्षा होय.

आता दुसरी सूचना, तीन हजारांचे ‘कोरे’ टायर. त्यांचे सहा वर्षांचे आयुष्य ऑगस्ट २०२६ मध्ये संपणार, म्हणजे नोव्हेंबर २०२५ पासून जेमतेम दहा महिने. त्याच मापाचा, २०२५ च्या २८ व्या आठवड्यात बनलेला ताजा टायर दुसऱ्या दुकानात ४,२०० रुपयांना होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने भाव थोडे उतरलेही होते. हा टायर सुमारे पावणेसहा वर्षे चालेल. वर्षाला खर्च सुमारे ७३० रुपये. शिळ्या टायरचा खर्च मात्र दहा महिन्यांना ३,००० रुपये! महाग दिसणारा टायर चौपटीहून अधिक स्वस्त निघाला.

पण मग सर्वांत महाग, ऐंशी हजार किलोमीटर चालणारा टायरच का घेऊ नये? त्यालाही उत्तर हिशेबातच आहे. हे गृहस्थ वर्षाला सुमारे सहा हजार किलोमीटर गाडी चालवितात. सहा वर्षांत छत्तीस हजार होतील. चाळीस हजार किलोमीटर चालणारा टायर त्यांना पुरून उरतो. त्यापुढचे आयुष्य विकत घेऊन ते उन्हाला व हवेला दान करण्यासारखे आहे. शिवाय फार काळ टिकणाऱ्या टायरचे रबर बहुधा कठीण असते, आणि कठीण रबराची पकड मऊ रबराहून कमी पडते. काही टायरांवर अमेरिकन पद्धतीचे तीन निर्देश असतात: झिजेचा अंक, ओल्या रस्त्यावरील पकडीचे अक्षर आणि उष्णता सोसण्याचे अक्षर. झिजेचा अंक मोठा म्हणजे टायर टिकाऊ. पकडीत ‘एए’ सर्वोत्तम, त्याखाली ‘ए’, ‘बी’, ‘सी’. उष्णतेत ‘ए’ सर्वोत्तम. जी गाडी थोडी पण वेगाने धावते, तिच्यासाठी झिजेचा अंक मध्यम आणि पकड व उष्णता यांची अक्षरे वरची घ्यावीत. जी गाडी रोज शंभर किलोमीटर धावते, तिच्या मालकाने याच्या उलट विचार केला तर तो चुकत नाही. याखेरीज टायरवर आयएसआयची खूण असावी. २००९ च्या आदेशान्वये ती सक्तीची केली गेली आणि मोटारीच्या टायरासाठी तिचे मानक आयएस १५६३३ हे आहे. देशी टायर कमी प्रतीचा असे मानण्याचेही कारण नाही. आपल्याच प्रांतात इंदूरजवळ खेडा येथे आणि महाराष्ट्रात नाशिक व चाकण येथे टायरांचे मोठे कारखाने आहेत. जवळ बनलेला टायर ताजा मिळण्याचा संभव अधिक.

आता राहिला बारा हजारांचा प्रश्न. चार ताजे टायर म्हणजे १६,८०० रुपये. ते शक्य नव्हते. तेव्हा आम्ही पुन्हा गाडीकडे गेलो. पुढचे दोन टायर २०२३ सालचे होते आणि त्यांची नक्षी ५ मिलिमीटर उरली होती. ते बदलण्याचे कारणच नव्हते. बदलावयाचे होते ते मागचे दोन आणि स्टेपनीचा एक: एकूण तीन, १२,६०० रुपये. सहाशे रुपये अधिक पडले; ते गृहस्थांनी आनंदाने घातले. एकाच आसाच्या दोन्ही बाजूंस सारखेच माप, सारखीच जात आणि सारखेच वय असावे, एवढा नियम पाळला की टायर जोडीने बदलता येतात आणि खर्च दोन वर्षांत विभागता येतो.

नवी जोडी कोठे बसवावी, याविषयी वाद झाला. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, तेव्हा नवे टायर पुढे हवेत असे गृहस्थांचे म्हणणे. कारागीर म्हणाले, “नवे मागेच लावा.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरू लागली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. चालकाला ते हाताला कळते आणि वेग कमी करून तो सावरतो. मागची चाके घसरली तर मात्र गाडीची शेपटी फिरते, आणि ती सावरणे निष्णात चालकालाही अवघड जाते. म्हणून चांगली जोडी मागे.

टायर बसविताना आणखी चार गोष्टी करून घेतल्या. रबरी व्हॉल्व्ह नवे घातले. चाकांचे बॅलन्सिंग केले. व्हील अलाइनमेंट तपासले. ते बिघडलेले असेल तर उत्तम टायरही एका बाजूने झिजून काही महिन्यांत संपतो. आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी बेताने चालविली, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा नव्या टायरवर बारीक थर असतो व तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. हवा मात्र दर महिन्याला, आणि लांबच्या प्रवासापूर्वी, टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीसुद्धा. जगातील सर्वांत स्वस्त टायर-संरक्षण म्हणजे योग्य दाबाची हवा.

वाचक हो, आपणापैकी फार थोड्यांच्या दारात वेगवान मोटार असेल. पण दुचाकी, जीप किंवा ट्रॅक्टर बहुतेकांच्या घरी आहे, आणि तिच्या टायरांवरही चार अंक कोरलेले आहेत. आज शाळेतून घरी गेल्यावर ओले फडके घेऊन ते शोधावेत आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावेत. टायर घेताना क्रम असा ठेवावा: आधी वय, मग माप, मग भार व वेग, मग पकड, आणि हे चारही जुळले म्हणजे त्यांतल्या त्यात कमी किंमत. किंमत प्रथम विचारणारा बहुधा दोनदा खर्च करतो.

ते कुटुंब नाशिकला जाऊन सुखरूप परत आले. २००४ सालची ती करकरीत स्टेपनी आता त्यांच्या अंगणात कडुलिंबाच्या फांदीला टांगलेली आहे आणि मुले तिच्यावर झोके घेतात. एकवीस वर्षांनी तिला तिच्या वयाला शोभेल असे काम मिळाले आहे.